मन्मथअप्पांचा गंज

मुखेडच्या बाजारात मन्मथअप्पांच्या दुकानी कापड घ्यायला गेलं, की आधी त्यांच्या शिरांची हकीकत ऐकावी लागते.

"ताई, लेकरू होईना म्हणून तपासलं. दोष माझ्यात निघाला. खालच्या शिरा फुगलेल्या. बरं, काठ कोणता दाखवू?"

बाई पदर तोंडाला लावते. अप्पा निवांत गठ्ठा सोडतात. गल्ल्यावर त्यांची बायको महानंदाताई खाली मान घालून बसलेली.

मी त्यांच्या शेजारी राहणारा शिक्षक. लातूरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांच्यासोबत गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, शिरांत रक्त साचून उष्णता वाढते, शुक्रजंतूंना इजा होते. ऑपरेशन करू. त्याच्या आधी आणि नंतर काही महिने अँटीऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींची गंजल्यासारखी झीज रोखणाऱ्या गोळ्या घ्या. काहींना फायदा होतो, खात्री मात्र देत नाही.

अप्पांनी त्यातलं सोयीचं उचललं. परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याला सांगायला लागले, "आत गंज चढतोय बघा. गोळी गंज काढती, ऑपरेशन पाइप नीट करतंय." पाहुण्याचं तिकीट अहमदपूरचं होतं. तो चाकूरलाच उतरला.

मग डाळिंब, आवळा, टोमॅटो, जे दिसेल त्याला एकच प्रश्न, "यानं गंज जातो का?" तंबाखू सुटली. ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी अप्पा पेढे वाटत फिरले. लोकांनी विचारलं, मुलगा का मुलगी?

"रिपोर्ट. पहिल्यापेक्षा बरा हाय."

हे त्यांनी महादेवाच्या देवळात आमच्या हेडमास्तरांनाही सांगितलं, तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. "अप्पा, जरा हळू. लोक हसायलेत."

"हसू द्या, गुरुजी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आठ वर्षं हिलाच नावं ठेवली लोकांनी. माझ्या आईनं बी. ओटी भरायला कुणी बोलवलं न्हाई. मी ऐकून घेतलं, पण आधी मला तपासा, असं एकदाबी म्हणलो न्हाई."

लेकरू अजून नाही.

गेल्या महिन्यात मी शर्टाचं कापड घ्यायला गेलो होतो. समोरच्या मेडिकलवाल्याची बायको सुनेच्या डोहाळजेवणाचं बोलावणं घेऊन आली. महानंदाताईंच्या कपाळी कुंकू लावून म्हणाली, "पहिली ओटी तुम्हीच भरायची. लवकर या."

ताई उठून तिच्या पाया पडल्या.

अप्पा माझं कापड मोजत होते. मला दोन मीटर पाहिजे होतं. ते मान खाली घालून मोजत मोजत साडेचारवर गेले. मी थांबवलं नाही.