टेबलाखालचे अधिकारक्षेत्र

सरकारी यंत्र कधीही बंद पडत नाही. ते बंद पडल्याचा अहवाल वरिष्ठ मान्य करेपर्यंत ते फक्त सुरू होत नसते. या दोन्हींत केवढा फरक आहे हे आमच्यासारख्यांना कळत नाही, म्हणून तर आम्ही बाहेर बाकावर बसतो आणि ज्यांना कळते ते आत खुर्चीवर बसतात.

मी सांगतो आहे ते आरोग्य खात्यातल्या बदल्यांचे कार्यालय. वडिलांच्या नोकरीचा एक दाखला हवा होता, म्हणून मी तिथे सोमवार ते शुक्रवार नेमाने हजर होतो. (हजेरीपट असता तर माझी हजेरी तिथल्या कोणाहीपेक्षा चांगली भरली असती.) सोमवारी सकाळी कार्यालयातला एकुलता एक संगणक सुरू झाला नाही. कारण अगदी साधे होते. शनिवारी फरशी धुतली गेली, तेव्हा धुणाऱ्यांनी टेबलाखालचा प्लग काढून ठेवला. त्यांच्या करारात वस्तू हलवणे आहे, परत जागेवर लावणे नाही. बाकावरून तो प्लग स्वच्छ दिसत होता, सॉकेटपासून वीतभर अंतरावर पडलेला. बाकावर आम्ही सात जण होतो आणि सातही जणांनी तो पाहिला.

पण दिसणे वेगळे आणि तपासणीत आढळणे वेगळे. इतर ठिकाणी संगणक बिघडला की त्याचे भाग एकेक करून तपासतात. इथे भाग एकच तपासतात, तपासणारे बदलतात, तेही सेवाज्येष्ठतेनुसार. आधी ऑपरेटरबाईंनी बटण दाबले. मग हेडक्लार्कनी चष्मा पुसून तेच बटण दाबले. मग साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी ते अंगठ्याने दाबले. बुधवारपर्यंत बटण एकूण दोनशे चौदा वेळा दाबले गेले होते: ऑपरेटरबाईंकडून एकशे नव्वद वेळा (नियमित), हेडक्लार्ककडून एकवीस वेळा (पर्यवेक्षणार्थ) आणि साहेबांकडून तीन वेळा (अंतिम). तिन्ही स्तरांवरचा निष्कर्ष तंतोतंत जुळला. असे एकमत गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते, त्यामुळे साहेबांनी लेखी समाधान व्यक्त केले.

दरम्यान मंगळवारी दुरुस्ती कंपनीला फोन झाला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आधी प्लग लावलाय का ते बघा." हेडक्लार्क त्याला म्हणाले, "एकोणतीस वर्षं नोकरी झालीय माझी," आणि त्यांनी फोन ठेवला. तक्रारवहीत नोंद पडली: 'कंपनीने विषयांतर केले.'

बाकावर माझ्या शेजारी एक नर्सबाई बसत होत्या. त्यांची नेमणूक तीन वर्षांपूर्वी लांबच्या दवाखान्यात झाली. नवरा आणि आज चार वर्षांची असलेली मुलगी घरीच राहिली. आता घराजवळच्या दवाखान्यात जागा निघाली होती आणि त्यांच्या बदलीचा आदेश मंजूर होऊन त्याच संगणकात पडला होता. फक्त तो छापायचा आणि साहेबांनी सही करायची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आदेश हातात आला नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. नवरा रोज संध्याकाळी गंमत म्हणून मुलीला हाक मारायचा, "चल, नर्सबाईंचा फोन आलाय." मुलीने ते खरेच धरले. आता ती फोनवर आईला अहो-जाहो करते आणि विचारते, "नर्सबाई, तुम्ही कधी येणार?" हे सांगताना त्या हसल्या, म्हणून आम्हीही हसलो. मग मला फार वाईट वाटले. बाकावर वाईट वाटून घ्यायला भरपूर वेळ असतो.

बुधवारी त्या उठून हेडक्लार्ककडे गेल्या.

"भाऊसाहेब, तो प्लग निघालाय."

"दिसतोय मला."

"मग लावा ना."

"बाई, टेबलावरचं काम माझं. टेबलाखालचं शिपायाचं. शिपायाची जागा चार वर्षं रिकामी आहे."

"नुसतं वाकायचं तर आहे."

"तुम्हाला नुसतं वाटतं." हेडक्लार्कनी आवाज खाली आणला. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. "आमच्याकडे एकानं एकदाच पाण्याचा जार उचलला होता. अडलंय म्हणून, माणुसकीनं. तो रिटायर होईपर्यंत जार उचलत होता."

"मग मी लावते."

"तुम्ही बाहेरच्या. टेबलाच्या आत यायचं नाही."

हेडक्लार्कचे म्हणणे मला पटले. एकदा वाकलेल्या माणसाला कार्यालय विसरत नाही.

गुरुवारी, न वाकता प्लगपर्यंत पोचण्याचे मार्ग शोधण्यासाठी तिघांची समिती नेमण्यात आली. (कार्यालयात तिघेच होते.) समितीने खिडक्या उघडायची आकड्याची काठी मागवली आणि पाऊण तासाच्या परिश्रमाने प्लग टेबलावर खेचून आणला. त्याची दोन्ही बाजूंनी पाहणी झाली. 'प्लग सुस्थितीत आढळला' अशी नोंद करून तो सन्मानाने पुन्हा खाली सोडण्यात आला, कारण सॉकेट खालीच होते आणि त्याला आकड्याने वर आणता येत नव्हते. टेबलच उचलून बाजूला ठेवावे, असे ऑपरेटरबाईंनी सुचवले. पण मग टेबलाखाली काहीच उरले नसते आणि शिपायाचे पद कायमचे रद्द झाले असते, म्हणून ती सूचना फेटाळली गेली.

शुक्रवारी साडेतीन वाजता नर्सबाई उठल्या. सरळ आत गेल्या, वाकल्या आणि त्यांनी प्लग लावला. एकूण चार सेकंद लागले. (समितीला दीड दिवस.) ऑपरेटरबाईंनी सवयीने दोनशे पंधराव्यांदा बटण दाबले आणि संगणक सुरू झाला. बाकावर आम्ही टाळ्या वाजवल्या. ऑपरेटरबाईंनी आधी नर्सबाईंचाच आदेश काढला. कागद प्रिंटरमधून अर्धा बाहेर आला होता, तेवढ्यात साहेब केबिनमधून आले.

"कोणी लावला?" त्यांनी विचारले.

साहेब चिडले नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. संगणक अनधिकृत व्यक्तीने सुरू केल्यामुळे त्यावर होणारे प्रत्येक काम अनियमित ठरते. प्लग पुन्हा काढावा, तर त्यासाठीही वाकावे लागणार. तेव्हा संगणक सुरूच ठेवावा आणि ज्या व्यक्तीने तो सुरू केला तिची चौकशी लावावी, म्हणजे अनियमितता त्या व्यक्तीकडे जाते आणि संगणक नियमित होतो. चौकशीला साक्षीदार लागतात. बाई टेबलाखाली वाकल्या हे आपण प्रत्यक्ष पाहिले, एवढेच लिहून द्यायचे. त्यानंतर बाकावरच्या सगळ्यांची कामे आजच्या आज होतील.

नियमाने दोन साक्षीदार पुरेसे होते. आम्ही सहा जणांनी सह्या केल्या. पहिली माझी होती, कारण पेन माझ्याकडे होते. आम्ही खोटे काहीच लिहिले नाही. बाई वाकल्याच होत्या.

पाच वाजेपर्यंत सहाही जणांचे कागद हातात पडले. कार्यालयाच्या इतिहासात एका दिवसात एवढी कामे झाली नव्हती आणि त्याचे सारे श्रेय नर्सबाईंना जाते, हे मान्य करायला मला जराही संकोच वाटत नाही. त्यांचा आदेश मात्र देता आला नाही. चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याची बदली करता येत नाही, असा नियमच आहे. साहेबांनी तो त्यांना उघडून दाखवला. बाईंनी तो उभ्यानेच दोनदा वाचला. मग चौकशीची नोटीस मिळाल्याची सही करायला त्यांनी माझ्याकडे पेन मागितले. मी लगेच दिले.

चौकशीचे काम आता रीतसर पुढे सरकते आहे. साक्षीच्या कागदावर सहा नावांखाली एक रेघ रिकामी राहिली आहे आणि जितके साक्षीदार जास्त तितके प्रकरण भक्कम, असे साहेबांचे मत आहे. तुम्ही तर सगळे अगदी जवळून पाहिले, कोणाला अडवलेही नाही. तेव्हा नाव स्पष्ट अक्षरांत लिहा आणि खाली सही करा. तुमचेही काही ना काही काम तिथे अडलेले असेलच.