जागेवाल्याचा नारळ

स्वप्नील रुपालीला घेऊन हनिमूनला ग्रीसला निघाला आणि सोबत आईबाबांनाही घेऊन निघाला. "त्यांना घोडपदेवच्या चाळीत एकटं टाकून कसं जायचं?" असं त्याचं म्हणणं. लग्नाला वर्ष होत आलं, तरी एका खोलीच्या संसारात नवराबायकोला दोन शब्द बोलायला मोरीचा आडोसा तेवढा होता. इथे हॉटेलातही त्याने चौघांत मिळून एकच खोली घेतली. रात्री सासरा भिवा घोरायला लागला की रुपाली छताकडे बघत पडायची. सासू अंबिका ते बघायची आणि पोटच्या पोराच्या अकलेची कीव करायची.

आज सगळे फेरीबोटीने जवळच्या एका लहान बेटावर आले होते. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, भिंतीवरून ओसंडणारी बोगनवेल. दर वळणावर स्वप्नील म्हणायचा, "रुपाली, जरा सरक ना. बाबा फोटोत येत नाहीयेत." भिवा मात्र धक्क्यावर दोरीला मासळीसारखी वाळत घातलेली माकुलं बघण्यात गुंग होता. ती मालवणात अशी वाया घालवत नाहीत, हे त्याने सगळ्यांना ऐकवलं.

संध्याकाळी परतीची शेवटची बोट लागली. पोरं पुढे जाऊन चढली. अंबिका धक्क्यावरच थबकली.

"अहो, जागेवाल्याचो नारळ रवलो!"

भिवाने पिशवी चाचपली. परक्या मुलखात पाऊल टाकलं की तिथल्या राखणदाराला नारळ द्यायचा, हा घरचा रिवाज. घोडपदेवहून आणलेला नारळ पिशवीत तसाच होता. धक्क्याच्या टोकाला टीचभर पांढरं देऊळ होतं, वर क्रूस. भिवा त्याच्या बाहेरच्या दगडापाशी हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, तुझा नाव माका ठावक नाय, पण तुझ्या पायाकडे इलांव..."

"व्हय म्हाराजा!" अंबिकाने साथ दिली.

"माझ्या झिलाक, सुनेक सुखरूप ठेव..."

"व्हय म्हाराजा! अहो, धाकल्या भावाचा नाव घेवा."

भिवाने भावाचं नाव घेतलं. बोटीने भोंगा दिला.

"बाबा, लवकर या! गेट बंद करतायत!" स्वप्नील बोटीवरून ओरडला.

"गाऱ्हाणा मधेच सोडूचा नाय, देव कोपता," अंबिकाने दटावलं. "शेजारच्या कालिंदीचे गुडघे सांगा."

भिवाने गुडघे सांगितले. मग पुतण्याचं लग्न आलं, चाळीची पुनर्बांधणी आली. बिल्डरला सद्बुद्धी दे, यावर तो बराच रेंगाळला, कारण तिथे तो अगदी मनापासून बोलत होता. जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी टोपी काढून शेजारी येऊन उभा राहिला आणि दोनदा ऐकून तिसऱ्या वेळी तोही "व्हय म्हाराजा" म्हणाला. नारळ फुटला तेव्हा बोट धक्का सोडून निघाली होती.

"गेली! आता झोपूचा खय?" भिवा रडकुंडीला आला.

अंबिकाने कमरेची चावी काढून दाखवली. "दुपारी तुमी माकुला बघीत होतास, तेव्हाच धक्क्यावरल्या खानावळवालीकडे खोली ठरवलंय. हातवारे करून."

"म्हणजे तू मुद्दाम?"

"मगे? आपला लगीन झाला तेव्हा तुमची आवस वर्षभर गॅलरीत झोपली, ती कित्याक? उकडता म्हणान?"

भिवाला हे इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. तो या वयात लाजला आणि आईच्या आठवणीने त्याचे डोळेही भरून आले. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, घाबरू नको!" स्वप्नील धापा टाकत होता. "पुढच्या बंदराला उतरून दुसरी लाँच बघतो. आम्ही दोघं रात्रीच येतो तुमच्याकडे!"

अंबिकाने कपाळावर हात मारला. एवढ्या गाऱ्हाण्यात या पोराला अक्कल मागायची तेवढी राहून गेली होती.

"येव नको!" ती किंचाळली. "देवान कौल दिल्यान! आजची रात म्हाताऱ्यांनी हय रवूचा आणि पोरांनी थय. पाणी वलांडलास तर कोपतलो!"

"पण आई, इथला देव मराठीत कौल कसा..."

पुढचं ऐकू आलं नाही. फोन कुणीतरी हिसकावून घेतला होता.

"आई," रुपाली हळूच म्हणाली, "उद्याच्या पहिल्या बोटीची घाई करू नका. देवाला काय काय सांगायचंय, ते सगळं नीट सांगून या."