दोन हातांचं तिकीट

राहात्याच्या पोस्टात मी खिडकीवर बसायचो, तेव्हा तिकिटाला मार्क देणारं एकच गिऱ्हाईक होतं. शाळेतले ड्रॉइंगचे केरू मास्तर. मागे रांग खोळंबलेली, आणि हे खिशातून भिंग काढून तिकीट उजेडाला धरणार.

"रेघ चुकली, साहेब. कबुतराचा पाय मोडलाय. दहापैकी चार. दुसरं द्या."

"मास्तर, सगळी एकाच साच्यातली आहेत."

"मग सगळीच नापास!"

सहाच्या वर मास्तर कधी चढले नाहीत. शाळेतल्या पोरांसाठी नाही आणि शेजारणीच्या पुरणपोळीसाठीही नाही.

दर महिन्याला ते घोडेगावला थोरल्या भावाला, अप्पांना, पत्र टाकत. दर महिन्याला ते 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येई. तरुणपणी दोघे भाऊ यंत्रावर कडबा कापत होते. चाक मास्तर फिरवत होते, पण नजर ढगांच्या आकारात. अप्पांचं बोट गेलं. त्या दिवशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मग मास्तरांच्या कानावर आलं की, जगात शांतता राखायला काढलेल्या त्या बड्या संस्थेला पंचवीस वर्षं होताहेत आणि सरकार तिकीट काढणार आहे. झालं! मास्तरांनी महिनाभर चित्र रंगवलं. एकमेकांना धरलेले दोन हात. त्यातल्या एकाला चारच बोटं.

"शांततेच्या तिकिटावर तुटकं बोट?" मी हसलो.

"भांडन झाल्याबिगर शांतता कशाला लागती, साहेब?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पत्र नाकारायला तरी हातात घ्यावंच लागतं. तेवढ्यात तिकीट दिसतंच की."

मी हसायचा थांबलो.

चित्र दिल्लीला गेलं. उत्तर आलं नाही. तिकीट निघालं, पण त्यावर हात नव्हते. मास्तरांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "शून्य," एवढंच म्हणाले.

पुढे अप्पांनी अंथरूण धरल्याची खबर आली. त्याच दिवशी मास्तरांनी पेटीत पत्र टाकलं. ठप्पा मारताना माझा हात थबकला. तिकीट हातानं काढलेलं होतं! तेच दोन हात, कडेचे दाते सुईनं टोचून केलेले. कुणी पकडलं असतं तर मास्तरांची नोकरी गेली असती. त्यांच्या भल्यासाठी म्हणून मी वर खरं तिकीट डकवलं आणि ठप्पा हाणला. त्यांना सांगितलं नाही.

आठवड्यानं पाकीट परत आलं. ते मास्तरांच्या हाती देतोय तोच त्यांच्या भावकीतला एकजण शोधत पोस्टात आला.

"मास्तर, अप्पा गेले हो परवा. पत्र आलं तवा मी तिथंच हुतो. लई वेळ तिकिटाकडं बघत हुते. मग म्हनले, माघारी धाडा."

"बघत हुता?" मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "तिकिटाकडं?"

"व्हय. येड्यावानी बघत हुते."

मास्तरांनी पाकीट उलटं केलं. भिंग लावलं. नखानं कोपरा उचलला. खाली त्यांच्या रंगाची कड दिसली. मी उगाच ठप्पा शाईत दाबत राहिलो.

मास्तरांनी कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला.

"सरळ चिकटवलंय तुमी, साहेब," ते म्हणाले. "दहापैकी दहा."