मृणालिनीताईंचा आवाज

अमेरिकेतल्या फ्रिस्को गावच्या आमच्या मराठी मंडळात स्त्रियांवर अन्याय होतो, अशी तक्रार आजवर एकाही बाईने केलेली नाही. तक्रार करायला माइक लागतो आणि माइक पुरुषोत्तमकाकांकडे असतो.

यंदा महिला दिनाला आम्ही धाडसी विषय घेतला: 'हॉलिवूडच्या सुरुवातीच्या बोलपटांत स्त्रियांना मिळालेली वागणूक'. वक्त्या मृणालिनीताई. त्या कॉलेजात सिनेमा शिकवतात, या भाषणासाठी वर्षभर जुने बोलपट धुंडाळत होत्या. मंडळात पहिल्यांदाच बोलणार होत्या. एरवी त्यांच्याकडे मसालेभात असतो.

साउंड चेकला काकांनी तोंड वाकडं केलं. "आवाज फार बारीक आहे हो. स्पीकरला झेपत नाही."

"काका, अगदी हेच तेव्हाचे साउंडवाले नट्यांना सांगायचे! माझ्या भाषणात आहे ते."

"बघा! म्हणजे प्रॉब्लेम जुनाच आहे," काका खूश झाले.

कार्यकारिणीची तातडीची बैठक पार्किंगमध्ये झाली. सर्वानुमते ठरलं, भाषण ताईंचं, आवाज संग्रामचा. संग्राम आमच्या गणपतीचा निवेदक. त्याचा आवाज असा खर्जातला, की 'चपला बाहेर काढा' म्हणाला तरी माणसं गंभीर होतात. ताईंनी नुसतं मंचावर बसून ओठ हलवायचे.

"अहो श्रीरंग, पडद्यावर एक बाई आणि आवाज भलत्याचाच, याच्याविरुद्धच मला बोलायचंय!"

"बोला की," मी सचिव या नात्याने म्हणालो. "संग्राम बोलेल."

ताईंनी नकार दिला होता म्हणे. पण तेव्हा माइक बंद होता, त्यामुळे तो इतिवृत्तात आला नाही.

ताईंना मंचावर बसवून पडद्यामागून संग्रामने सुरुवात केली, "एक स्त्री म्हणून मला..." आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट! फक्त स्पीकर ब्लूटूथवर होता, त्यामुळे ओठ पुढे पळायचे आणि आवाज मागून यायचा.

"ताई, थोडं स्लो!" काका ओरडले. "अँड स्माइल प्लीज, फोटो काढतोय!"

"नायकाने नायिकेच्या थोबाडीत मारली की प्रेक्षक हसत," संग्रामने वाचलं.

प्रेक्षक हसले.

"कमावती नायिका शेवटी नोकरी सोडून लग्नाला उभी राही आणि त्याला गोड शेवट म्हणत."

"वा, छान!" पहिल्या रांगेतून मोरेश्वरकाकांनी दाद दिली.

तेव्हा मात्र ताई ताडकन उठल्या. माइकबिइक काही नाही, मंचाच्या कडेला येऊन स्वतःच्या आवाजात बोलू लागल्या. अहाहा, काय आवाज हो! शेवटच्या खुर्चीपर्यंत खणखणीत. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

तेवढ्यात पुरुषोत्तमकाका माइकवरून म्हणाले, "मंडळी, पुऱ्या गार होतायत!"

पुढे त्या काय बोलल्या? मला विचारू नका, मी श्रीखंडाच्या रांगेत होतो. त्या तिथेच होत्या, रिकाम्या खुर्च्यांसमोर अजून बोलत होत्या. ऐकायचंच होतं, तर त्यांच्यापुढे जाऊन बसायचं होतंत. तुम्ही मात्र त्यांचा विषय माझ्याच तोंडून ऐकत बसलात, आणि वर हसलातसुद्धा.