एफीच्या लग्नाला एकतीस हरकती

लग्नाच्या नोटिशीचा कायदा अख्ख्या पश्चिम फॉकलंडात माझ्याइतका कुणाला कळत नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. का सांगू नये? पोर्ट ॲडेलच्या आमच्या वस्तीत दुकान मी चालवतो, टपाल मी वाटतो आणि सरकारी नोटिशीही मीच लावतो. नवा कायदा आला तेव्हा ताटातलं मटण गार होईपर्यंत मी तो वाचत बसलो होतो. वधू इथे आणि वर मायदेशी, ब्रिटनमध्ये असला तरी चालेल! इथे एकवीस दिवस नोटीस लावायची, मग मी दाखला द्यायचा, आणि तो तिकडे तिथल्याच नोटिशीसारखा मानायचा. आठ हजार मैलांवरचा पाद्री माझी सही बघून लग्न लावणार! दोन दिवस मी हवेतच होतो.

पहिलीच नोटीस आली एफी मॅकास्किलची. मेंढपाळाची मुलगी. दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडातल्या ग्रीनॉकचा खलाशी रॉडी बोटीतून आला, सहा आठवडे राहिला आणि गेल्यावर पत्रं लिहू लागला. ती पत्रं मीच एफीच्या हातात द्यायचो. ती हसायची. ते हसू मी दिवसभर पुरवून पुरवून वापरायचो.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की समोरचा धक्का दिसत नव्हता. दुकानाच्या दारावर मी नोटीस चार खिळ्यांनी ठोकली. खाली हरकतदारांसाठी कोऱ्या ओळी होत्या, म्हणून दोरीला बांधून पेन्सिलही टांगली. त्यानंतर एकवीस दिवस मी त्या कागदाकडे बघायचं टाळलं. आत बसून चहाच्या वाफेत नको नको ती स्वप्नं बघितली.

मंगळवारी नोटीस काढली आणि मटकन पोत्यावर बसलो. खाली एकतीस नावं!

आता आमच्याकडची रीत अशी, की दुकानाच्या दारावर कागद दिसला की खाली नाव लिहायचं. जळणासाठी पीटची माती खणायला जायचं असो नाहीतर नाच असो, ज्याचं नाव नाही त्याला चहा नाही! कागदावर काय लिहिलंय ते वाचायची पद्धत नाही.

"मिसेस हॅडो, तुमची एफीच्या लग्नाला हरकत आहे?" मी ओरडलोच.

"हरकत? मेल्या, मी केक करणार आहे!"

"मग सही कशाला केलीत?"

"केकवाल्या बाईचं नावच नाही, हे बरं दिसतं का?"

एफी धावत आली. "विल्फ, परवा बोट आहे! पुढची दोन महिन्यांनी. तोवर रॉडी वर्षभरासाठी समुद्रावर गेलेला असेल."

"हरकत असली की दाखला देता येत नाही, एफी. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कारण लिहून ती मागे घ्यायला हवी."

"मग बसलायस काय? ऊठ!"

उठलो. दोन दिवस घोड्यावर होतो. धुक्यातून मेंढ्या उगवायच्या, मेंढ्यांमागून मेंढपाळ उगवायचे, आणि मी कागद पुढे करायचो. मधल्या वाटेवर मला सारखं वाटे, घोडा मायदेशी चाललाय आणि चर्चच्या दारात मीच उभा आहे. घोड्याला मात्र गवताचीच स्वप्नं पडत असावीत, कारण तो जागोजागी थांबे.

"सायलसकाका, कारण लिहा."

"लिही तूच. मला वाटलं, मेंढ्यांच्या औषधाची यादी आहे."

"तुमच्याच हाताने हवं!"

"मग ‘मेंढ्या’ एवढंच लिहितो."

असे तीस कागद गोळा करून गुरुवारी सकाळी धक्क्यावर पोचलो. बोटीतले खलाशी एफीची पेटी चढवत होते. एफीने कागद मोजले, मग मूळ नोटीस उलगडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुझं नाव आहे, विल्फ."

"हो."

"तुझी काय हरकत होती?"

खरं सांगतो, मी तो कागद नीट वाचून, दोनदा वाचून सही केली होती. त्या धुक्यात हात आपोआप गेला होता. एफी माझ्याकडे बघत होती. तिला काही घाई आहे असं वाटत नव्हतं. मी पेन्सिल घेऊन सुबक अक्षरात लिहिलं, ‘चुकून.’ लगेच दाखल्यावर शिक्काही मारला. चांगला दाबून!

तिने दाखल्याची घडी केली.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "एकाने तरी वाचून सही केली असेल."

आणि ती बोटीत चढली.

बोट धुक्यात दिसेनाशी झाली, तेव्हा मला एकापाठोपाठ एक पाच उत्तरं सुचली. पाचही फार चांगली होती हो!