चूक सांगा, चहा घ्या

आमच्या केंद्रात सोमवारी सकाळचा चहा उगाच मिळत नाही. आधी गेल्या आठवड्यातली आपली एक चूक सगळ्यांसमोर सांगावी लागते. चूक नाही तर चहा नाही. कायदा आमच्या संचालिका डॉ. सुलभा कापगते यांचा, आणि किटलीही त्यांच्याच हातात. अपील करणार कुठे?

गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून आमचं हे जैववैद्यकीय संशोधन केंद्र आहे. डॉक्टर, रसायनवाले, इंजिनिअर सगळे एकाच छपराखाली, आणि बहुतेक पोरंपोरी नुकतीच पीएच.डी. झालेली. मी संख्याशास्त्राचा, म्हणजे आकडेवाला, पन्नाशी उलटलेला. कुडव्याहून स्कूटरवर येईपर्यंत माझं डोकं चहासाठी ठणकत असतं, आणि इथे पोरांपुढे कबुलीजबाब! पहिल्याच सोमवारी मी तोऱ्यात सांगितलं, "माझं काही चुकत नाही."

"मंग पाणी प्या सर," मॅडम म्हणाल्या. "तब्येतीले चांगलं राह्यते."

पुढच्या सोमवारी मी चार चुका घेऊन गेलो.

मॅडम सुरुवात स्वतःपासून करत. "मी अर्ज न वाचता सही केली. वीस चिमटे पाहिजे होते, दोनशे येऊन राहिले. ज्याले न्यायचे त्यानं घरी न्या." मग एकेकाची पाळी. "काऊन चुकलं? कवा समजलं? कोणाले सांगितलं?" रागावणं नाही, टोमणा नाही, नुसती किटली वाकडी व्हायची. आमचा इंजिनिअर तर दुसऱ्या कपासाठी दुसरी चूक शोधून आणायचा, लबाड कुठला!

चिचगडची प्रणाली मात्र लागोपाठ तीन सोमवार पाणी प्यायली. सिकलसेलच्या एका औषधावर तिचं काम होतं. गावोगाव फिरून तिनं रक्ताचे नमुने गोळा केले होते. निकाल झकास आला होता, मीच आकडे तपासून तिची पाठ थोपटली होती. तिची फेलोशिप वाढवायची की नाही, हे बाहेरून येणारी समिती ठरवणार होती. नाही वाढली तर पोरीला सामान बांधून घरी जावं लागणार.

समिती यायच्या आदल्या दुपारी ती मॅडमच्या खोलीत आली. मी तिथेच होतो. उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, दोन ट्रेची अदलाबदल झाली. औषध न घेतलेल्यांचे नमुने घेतलेल्यांत मोजले मी. तीन हप्ते झाले समजून." आणि रडायलाच लागली.

खरं सांगतो, मला तिचा संतापच आला. अगं बाई, तीन आठवडे गप्प बसलीस, आणखी एक दिवस बसली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? तसं मी बोलूनही गेलो. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"नमुने हायेत ना फ्रीजरमधी?" त्यांनी तिला विचारलं.

"हो जी."

"मंग रडून कायले राहिली? उद्या मी सांगते त्यायले."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे मॅडमनी तोंड उघडलं तेच या चुकीनं. प्रणाली ओढणीचं टोक पिळत बसली होती. समितीचे म्हातारे अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बच्ची ने खुद बताया? सैंपल सेफ हैं ना? तो दुबारा करो. एक साल और ले लो." सुटलो रे देवा! इंजिनिअरनं तर टाळीच वाजवली.

समिती गेली तशा मॅडम म्हणाल्या, "सर, चला आमगावले. आईकडं."

गाडी त्याच चालवत होत्या. वाटेत सांगू लागल्या. तरुणपणी एका मोठ्या संस्थेत असताना त्यांच्या पहिल्याच शोधनिबंधात त्यांना चूक सापडली होती. गाईड म्हणाले, गप्प बस. त्या गप्प बसल्या. निबंध एका शास्त्रीय मासिकात छापून आला. आईनं कौतुकानं त्याचं पहिलं पान फ्रेम करून, स्वतः जिथे जेवायला बसते तिथेच डोक्यावर टांगलं. "मले थे पाहवत नाई सर. घरी गेली का तिकडं पाठ करूनच जेवते. सव्वीस वर्षं झाली. ह्या पोरीनं तीन हप्त्यांत सांगून टाकलं. आज मी बी त्या मासिकाले पत्र लिहून चूक कळवली."

आमगावला मॅडमच्या आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मॅडमनी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं, लहान पोरीसारखं, एका दमात.

आजींनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग आत वळून त्या फ्रेमकडे पाहिलं.

"मले तं त्यातलं एक अक्षर बी समजत नाई. तुयं नाव हाये म्हणे, म्हणून टांगलं." मॅडमकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तू थ्या कागदाकडं पाठ करत होतीस? मले वाटे, माह्यावर रागावून राहिलीस."

आजींनी फ्रेम काढून कोनाड्यात उलटी ठेवली, तीन ताटं मांडली, त्यांची दोघींची समोरासमोर, आणि म्हणाल्या, "बस आता. तोंड तं दिसू दे."