शेन्झेन म्हणजे खोल पाट

आमच्या फ्रीजचं माहेर निंगबो आहे, हे मला बाळारामकाकांनी सांगितलं. फ्रीज घरात आला त्या दिवशी ते न बोलावता आले, फ्रीजकडे ढुंकूनही न बघता रिकाम्या खोक्यापाशी उकिडवे बसले आणि बाजूची बारीक अक्षरं बोटानं वाचत म्हणाले, "निंगबो. आता अर्थ इचार."

मी विचारला. न विचारून सुटका नसते.

निंगबो म्हणजे शांत लाटा. आधी गावाचं नाव वेगळं होतं, त्यात 'मिंग' यायचं. पुढे मिंग नावाचंच घराणं गादीवर बसलं. राजाचं नाव गावानं कसं लावायचं, म्हणून गावानं ते सोडलं. एवढं सांगून काका उठले आणि चहा न घेता गेले. जाताना खोक्याचा तो तुकडा मात्र फाडून नेला.

बाळारामकाका इथले आगरी. डोंबिवलीहून शिळफाट्याकडे जाताना आमच्या चार इमारती लागतात, ती जमीन त्यांच्या घराण्याची. भातशेती पुरेना म्हणून काकांनी तीस वर्षं भिवंडीच्या गोदामात माल उतरवून घेतला. खोकी चीनहून यायची. एकदा यंत्र बसवायला आलेल्या चिनी फिटरबरोबर एक दुभाष्या होता. काकांनी त्याला घरी नेऊन खाडीच्या चिंबोऱ्या खाऊ घातल्या आणि ताट उचलायच्या आत एकेका शहराचं नाव पुढे करून अर्थ विचारून घेतले. दुभाष्या दुसऱ्या दिवशीही जेवायला आला. त्या दोन दिवसांची वही काकांच्या खिशात कायम असते.

त्यामुळे आमच्या कॉम्प्लेक्समध्ये काही गोष्टी लहानथोरांना पाठ आहेत. बीजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी. राजधानी तिथून हलवली की त्याच गावाला 'उत्तरेची शांतता' म्हणायचे. राजधानी गेल्यावर शांतता येते, हे आम्हा सगळ्यांना पटलं. तियानजिन म्हणजे राजानं नदी ओलांडली तो उतार. चोंगकिंग म्हणजे दुहेरी आनंद. तिथल्या राजपुत्राला आधी मोठा मान मिळाला आणि मग लगोलग गादी. आमच्या वॉचमनला जुळ्या मुली झाल्या तेव्हा काकांनी पेढा हातात घेत "चोंगकिंग" एवढंच म्हटलं, आणि त्याला ते कळलं.

पण व्याख्यान कुठूनही सुरू झालं तरी संपायचं शेन्झेनला. शेन्झेन म्हणजे भातखाचरांमधला खोल पाट. आणि आमच्या इमारतींखालच्या शेताचं नाव होतं खोलपाट. बिल्डरशी करार करताना काकांनी एकच हट्ट धरलेला, की कमानीवर इंग्रजी नावाच्या खाली हे नाव राहिलं पाहिजे. ते राहिलं, बारीक अक्षरांत.

गेल्या वर्षी कमान रंगवायला काढली आणि सोसायटीच्या सभेत बी विंगच्या देसाईबाईंनी विषय मांडला. खोलपाट म्हटलं की गटार आठवतं. फ्लॅट बघायला येणारे आधी कमानीकडे बघून हसतात. मी सेक्रेटरी. मी काकांना बोलायला सांगितलं.

काका वही घेऊन उभे राहिले. शेन्झेनमध्ये केवढाले टॉवर झालेत, तरी कोणी पाटाची लाज धरली नाही, असं त्यांनी दहा मिनिटं समजावलं. मागून कोणीतरी म्हणालं, मग आपणही शेन्झेनच लिहू या, भाव तरी येईल. सभा हसली. काकाही थोडं हसले. मग त्यांनी विचारलं, नाव पुसलं तर मानसानं पत्ता कसा सांगायचा? देसाईबाई म्हणाल्या, आता मोबाइलवर लोकेशन पाठवतात. काकांच्या बाजूनं दोनच हात वर झाले. त्यातला एक त्यांचा. माझा नव्हता. ठराव मी लिहिला.

दुसऱ्या दिवसापासून काका रिक्षा स्टँडवर बसून खोलपाटचं व्याख्यान द्यायला लागले. नाक्यावरचा, फाट्यावरचा, एकही स्टँड सोडला नाही. रिक्षावाले त्यांना बघून वळून दुसरीकडे जायचे. म्हातारा हरला तरी ऐकत नाही, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचो.

मार्चमधली दुपार होती. मी गेटवर पाण्याच्या टँकरची वाट बघत उभा होतो. एक रिक्षा थांबली. आत नऊवारीतल्या एक वृद्ध बाई होत्या, पायात चप्पल नव्हती. रिक्षावाला पोरगेलासा होता. त्यानं सांगितलं, की आजी मानपाड्याच्या रस्त्यावर मधोमध उभ्या होत्या. नाव विचारलं, सांगता येईना. कोणाच्या घरच्या, तेही सांगता येईना. "खोलपाट, खोलपाट, एवढंच बोलत होत्या," तो म्हणाला. "काकांनी आम्हाला इतकं पकवलंय ना, म्हणून कळलं."

वॉचमन इमारतींमागच्या काकांच्या बैठ्या घराकडे धावला. काका अनवाणीच पळत आले. मी चार वर्षं त्या माणसाला ओळखत होतो आणि त्याच्या बायकोला पहिल्यांदाच बघत होतो.

"दोन वर्सं झाली," काका मला हळूच म्हणाले. "दार उघडा दिसला की निंगते. पोरांची नावं जेली. माझा पन नाव जेला. लगीन होऊन आली तवापासून त्या शेतान भाताची आवणी केली तिनं, तेवढा नाव राहिलाय. कोनी इचारला तं तेवढाच सांगते."

आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. सभेत सांगितलं असतं तर सगळे हात वर झाले असते, हे त्यांनाही कळत असणार. बायकोची गोष्ट सभेत काढायची नव्हती, म्हणून ते चीनला गेले होते.

काका रिक्षापाशी गेले. आत वाकून त्यांनी हात पुढे केला. काकूंनी तो धरला नाही. अंग चोरून त्यांनी काकांकडे नीट बघितलं, परक्याकडे बघावं तसं.

"कोनाचा रं तू?"

"खोलपाटचा," काका म्हणाले.

काकूंनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी पदर सारखा केला.

"मंग चल," त्या म्हणाल्या, आणि हात धरून खाली उतरल्या.